निदानाविना उपचार : काटकसर की उधळपट्टी?

टांझानियाच्या वायव्येस, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वान्झा नावाचा प्रांत आहे. तेथील गरोदर स्त्रियांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांची गरोदरपणात उपदंशाची रक्तचाचणी झालेली नव्हती, त्यांच्यात जी मुले मृतावस्थेत जन्मली, त्यांपैकी ५१ टक्के मृत्यूंचे मूळ आईच्या उपदंशात होते. याउलट, ज्यांची चाचणी वेळेवर झाली आणि रोग आढळल्यावर ज्यांना पेनिसिलिनचे एक इंजेक्शन मिळाले, त्यांची बाळंतपणे निरोगी स्त्रियांइतकीच सुखरूप पार पडली. या चाचणीचा व उपचाराचा खर्च त्याच प्रांतात मोजण्यात आला, तेव्हा तो दर स्त्रीमागे दीड डॉलरच्या आत भरला. म्हणजे रोग जुना, औषध स्वस्त, इलाज हमखास. आणि तरीही मुले आईच्या पोटातच दगावत होती. उणीव होती ती एका साध्या चाचणीची. विकसनशील देशांच्या आरोग्यव्यवस्थेत सर्वांत आधी कात्री लागते ती या चाचणीला, आणि ती लावणाऱ्यांना आपण मोठी काटकसर केल्याचे समाधान लाभते. हे समाधान कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

लैंगिक संसर्गातून होणाऱ्या रोगांचा व्याप लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात परमा, उपदंश, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास या चार बऱ्या होऊ शकणाऱ्या रोगांची ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे १५ ते ४९ या वयोगटात घडली. दिवसाला दहा लाख, असा हा हिशेब पडतो. आईकडून बाळाकडे जाणाऱ्या उपदंशामुळे २०१६ साली जगभरात सुमारे साडेतीन लाख गर्भांवर वा नवजात बालकांवर गंभीर परिणाम झाले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक दगावली. हा भार प्रामुख्याने गरीब देशांवर पडतो. आणि रोग ओळखण्याची साधने सर्वांत विरळ आहेत तीही याच देशांत.

अंदाजाला मिळालेली प्रतिष्ठा

या परिस्थितीवर तोडगा म्हणून १९९० नंतरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धती जगभर रुजविली. रोगी जी तक्रार घेऊन येतो, तीवरून संभाव्य रोगांची यादी करावी आणि त्या सर्वांवर चालतील अशी औषधे एकदमच देऊन टाकावीत, असे या पद्धतीचे सूत्र आहे. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येत असेल तर परमा व क्लॅमिडिया या दोहोंची औषधे द्यावीत; गुप्तांगावर व्रण असेल तर उपदंशाची व त्यासारख्या इतर रोगांची द्यावीत. सूक्ष्मदर्शक नको, रसायने नकोत, प्रयोगशाळेचा तंत्रज्ञही नको. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने याच धर्तीवर औषधांची सात रंगांची पाकिटे रूढ केली : करडे, हिरवे, पांढरे, निळे, तांबडे, पिवळे आणि काळे. तक्रार ऐकावी आणि त्या रंगाचे पाकीट हाती ठेवावे.

ही पद्धती केवळ नाइलाजातून आली, तिच्यात तथ्य नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्वान्झा प्रांतातच १९९१ ते १९९४ या काळात बारा वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या वस्त्यांतील दवाखान्यांना या पद्धतीचे शिक्षण व औषधांचा नियमित पुरवठा देण्यात आला. तेथे एचआयव्हीच्या नव्या संसर्गाचे प्रमाण उरलेल्या वस्त्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. पुढे अन्यत्र झालेल्या, निराळ्या रीतीच्या प्रयोगांत इतके यश दिसले नाही. तरीही व्रण वा पू घेऊन आलेल्या रोग्याला त्याच दिवशी औषध मिळणे केव्हाही श्रेयस्कर, हे या प्रयोगाने सिद्ध केले. चार दिवसांनी येणाऱ्या अहवालाची वाट पाहत रोग्याला परत पाठवावे, तर तो पुन्हा फिरकत नाही आणि मधल्या काळात रोग दुसऱ्याला देतो. तेव्हा जेथे लक्षण बोलके असते, तेथे अंदाजही उपयोगी पडतो, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न उद्भवतो तो लक्षण मुके असते तेथे. आणि स्त्रियांच्या बाबतीत ते बहुधा मुकेच असते.

लक्षणे खोटे बोलतात तेव्हा

क्लॅमिडिया व परमा या रोगांची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कसलाच त्रास जाणवत नाही. रोग मात्र आतल्या आत पसरत जातो. गर्भनलिकांना सूज येते, त्या बुजतात आणि काही वर्षांनी वंध्यत्वाच्या रूपाने त्याची फळे दिसू लागतात. गावगाड्यात त्या वंध्यत्वाचे खापर पुन्हा त्या स्त्रीच्याच माथी फुटते. दुसऱ्या बाजूस, 'अंगावरून पांढरे जाते' ही तक्रार घेऊन येणाऱ्या असंख्य स्त्रियांना लैंगिक संसर्गाचा कोणताही रोग नसतो. योनिमार्गात एरवीही असणाऱ्या जंतूंचे प्रमाण बिघडल्याने वा बुरशीमुळे असा त्रास होतो. त्याला पतीचे वा पत्नीचे वर्तन कारण असावे लागत नाही. सारांश, जिला रोग आहे ती दवाखान्यात येत नाही आणि जी येते तिला तो रोग असतोच असे नाही. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, ही जुनी म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

तक्रारीवर विसंबणे किती धोक्याचे आहे, याचा दाखला महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमधील ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी वा लैंगिक रोगांपैकी एक ना एक व्याधी असल्याचे आढळले. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच केली होती, आणि त्यापूर्वी कधी काळी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या व्याधी सगळ्या लैंगिक संसर्गाच्या नव्हत्या, हे खरे. पण बाईने सांगितले नाही म्हणजे तिला काही झालेले नाही, हा सरकारी हिशेब त्या पाहणीने कायमचा खोटा ठरविला. आणखी एक गोष्ट त्या पाहणीने दाखवून दिली. गडचिरोलीसारख्या दुर्गम, आदिवासी जिल्ह्यातील खेड्यातही तपासणी व प्रयोगशाळा नेता येते. अडचण अंतराची नसते, निश्चयाची असते.

बांगलादेशातील मतलब येथील अभ्यासाने नाण्याची दुसरी बाजू पुढे आणली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अंगावरून जाण्याची तक्रार असलेल्या स्त्रियांना लक्षणांवरून औषधे दिली असती तर काय झाले असते, याचा ताळा प्रयोगशाळेतील चाचण्यांशी घालण्यात आला. लैंगिक संसर्गाचे प्रमाण फारच थोडे निघाले. पद्धती कोणतीही वापरली, तरी खर्चाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग, आणि काही पद्धतींत तर त्याच्या दुपटीहून अधिक, निरोगी स्त्रियांवर वाया गेला असता.

यामागचे गणित साधे आहे. समजा, अशी तक्रार असलेल्या एक हजार स्त्रिया दवाखान्यात आल्या आणि त्यांच्यापैकी ५० जणींना खरोखर परमा वा क्लॅमिडिया आहे. अंदाजाची पद्धती इतकी कुशल आहे, असे समजू, की तिने त्या पन्नासही जणींना अचूक हेरले. पण उरलेल्या ९५० निरोगी स्त्रियांपैकी ४० टक्क्यांवर तिने रोगाचा शिक्का मारला. म्हणजे औषधे मिळणाऱ्या ४३० स्त्रियांपैकी ३८० जणींना ती विनाकारण मिळाली. दर नऊ पाकिटांपैकी सुमारे आठ वाया! रोगाचे प्रमाण जितके कमी, तितकी ही उधळपट्टी अधिक. वेश्यावस्तीतील दवाखान्यात जो अंदाज उपयोगी ठरतो, तोच खेड्यातील उपकेंद्रात दिवाळखोर ठरतो, तो याच कारणाने.

न लिहिलेला खर्च

अर्थशास्त्रात खर्चाचे दोन प्रकार मानावे लागतात : जमाखर्चाच्या वहीत जो दिसतो तो आणि जो दिसत नाही तो. चाचणीचा खर्च पहिल्या प्रकारचा आहे. रसायने, सूक्ष्मदर्शक, तंत्रज्ञाचा पगार, शीतकपाटाचे वीजबिल, हे सारे अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहिले जाते आणि म्हणूनच कात्री लावणाऱ्याच्या नजरेत ते पटकन भरते. चाचणी न करण्याचा खर्च मात्र कोणत्याच ओळीवर लिहिलेला नसतो. तो समाजातील सर्वांत दुबळ्या घटकांच्या नावे परस्पर टाकला जातो.

ज्या निरोगी बाईच्या हाती गुप्तरोगाचे पाकीट पडते, तिला नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगा, असे बजावले जाते. घरी गेल्यावर या वाक्याचे काय रामायण होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. संशय, मारहाण, प्रसंगी माहेरी रवानगी, हे त्या पाकिटाचे दुष्परिणाम औषधाच्या वेष्टनावर छापलेले नसतात. एका चुकीच्या अंदाजाने एक संसार मोडला, तर तो खर्च कोणत्या खात्यात लिहायचा? याउलट जिला रोग आहे पण लक्षण नाही, तिच्या वाट्याला वंध्यत्व वा मृत मूल येते. तेही नशिबाच्या खात्यात जमा होते. आरोग्य खात्याच्या नव्हे.

तिसरा न लिहिलेला खर्च सर्व समाजाला भरावा लागतो. परम्याच्या जंतूने आजवर पेनिसिलिनला दाद देणे सोडले, टेट्रासायक्लिनला सोडले, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातील औषधांनाही सोडले. आता ज्या सेफ्ट्रिॲक्सोनवर भिस्त आहे, त्यालाही न जुमानणारा जंतू २००९ साली जपानमध्ये सापडला. कोणते औषध कोठे निकामी होत आहे, हे कळण्यासाठी जंतूची प्रयोगशाळेत वाढ करून त्याच्यावर औषधे पारखून पाहावी लागतात. हा जंतू मोठा नाजूक. रक्त तापवून केलेल्या, रंगामुळे 'चॉकलेट' म्हटल्या जाणाऱ्या माध्यमावर, कर्बवायूचे प्रमाण वाढवलेल्या हवेत आणि ठरावीक उष्णतेतच तो वाढतो. हे कसब हातात टिकायचे तर ते रोज वापरावे लागते. लक्षणांवरून औषधे देणे सुरू झाल्यावर नमुने प्रयोगशाळेत जाईनासे झाले. नमुने नाहीत म्हणून कसब गेले, आणि कसब गेले म्हणून जंतूची बातमी लागेनाशी झाली. विनाकारण वाटल्या गेलेल्या प्रतिजैविकांनी जंतू बळकट होत असताना, त्याच्यावर नजर ठेवणारा पहारेकरीच काटकसरीपोटी कमी करण्यात आला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

येथे बाजारपेठेवर भिस्त ठेवून चालत नाही. एका रोग्याचे अचूक निदान झाल्याचा लाभ त्याच्या जोडीदाराला मिळतो, पोटातील बाळाला मिळतो आणि जंतूची माहिती हाती आल्यामुळे दूरच्या गावातील अनोळखी रोग्यालाही मिळतो. चाचणीचे पैसे मात्र एकट्या रोग्याने द्यावेत, अशी अपेक्षा केली, तर तो ते देणार नाही. त्यातून रोग असा की जो लपविण्याकडेच कल अधिक. ज्या सेवेचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, ती सेवा समाजाला हवी तितकी बाजारात कधीच निर्माण होत नाही. ती सार्वजनिक पैशातूनच उभी करावी लागते. पिण्याच्या पाण्याबद्दल जे तत्त्व आपण मान्य केले, ते निदानाबद्दल मान्य करण्यास हरकत कोणती?

प्रयोगशाळा म्हणजे इमारत नव्हे

अर्थात चाचणी हवी म्हणजे मोठी प्रयोगशाळा बांधून तिच्यावर पाटी लावावी, असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे 'व्हीडीआरएल' या नावाने परिचित असलेली उपदंशाची चाचणी १९४६ सालची. अमेरिकेतील ज्या संशोधन प्रयोगशाळेत ती तयार झाली, तिच्याच नावाची ही आद्याक्षरे आहेत. बैलाच्या हृदयापासून काढलेल्या एका स्निग्ध द्रव्याचा तिच्यात उपयोग होतो. चाचणी स्वस्त आहे. परंतु रक्तातील निवळ वेगळी काढण्याचे यंत्र, नमुना ठरावीक गतीने फिरविणारी तबकडी, सूक्ष्मदर्शक, द्रावण थंड ठेवण्याची सोय आणि हे सारे चालविणारी वीज व माणूस, एवढे सर्व तिच्यासाठी एकाच वेळी जागेवर असावे लागते. खेड्यातील दवाखान्यात यांतील एखादी कडी नेहमीच निखळलेली असते. मग नमुना तालुक्याला जातो, अहवाल आठवड्याने येतो आणि तोवर ती गरोदर बाई रोजगार बुडवून, एस.टी.चे भाडे भरून दुसरी खेप घालण्याच्या स्थितीत नसते.

चाचणी किती अचूक, हा प्रश्न तज्ज्ञ विचारतात. ती किती जणींपर्यंत पोचली, हा प्रश्न अर्थशास्त्राने विचारला पाहिजे. समजा, शंभर रोगी स्त्रियांची शंभर टक्के अचूक चाचणी शहरातील प्रयोगशाळेत केली. परंतु अहवाल घेण्यास निम्म्याच परत आल्या. उपचार झाले पन्नास जणींवर. दुसरी चाचणी ८५ टक्केच अचूक. पण ती वीस मिनिटांत, त्याच बाकावर बसल्या बसल्या होते आणि लगेच इंजेक्शन दिले जाते. उपचार झाले पंच्याऐंशी जणींवर. कागदावर कमअस्सल असलेली चाचणी प्रत्यक्षात सरस ठरते. हा विचार ध्यानी घेऊनच, चाचणी परवडणारी, खात्रीची, वापरण्यास सोपी, झटपट, यंत्राविना होणारी आणि गरजूंपर्यंत पोचणारी असावी, असे निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ठरविण्यात आले. बोटाच्या टोकाला टोचून काढलेल्या एका थेंबावर होणारी उपदंशाची पट्टी त्यातून प्रचारात आली. टांझानिया, युगांडा, झांबिया, पेरू, चीन आणि ब्राझील अशा सहा देशांत ती वापरून पाहण्यात आली. ब्राझीलमध्ये तर अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील आदिवासी वस्त्यांपर्यंत ती नेण्यात आली. एकाच थेंबात एचआयव्ही व उपदंश या दोहोंचा निवाडा करणारी जोडपट्टीही आता उपलब्ध असून २०२१ साली तिची किंमत एका डॉलरच्याही खाली आणण्याचा करार झाला.

पट्टीलाही मर्यादा आहेत. उपदंश बरा होऊन गेला तरी ती पुढे आयुष्यभर होकार देत राहते; त्यामुळे जुना रोग व नवा रोग यांत फरक करण्यासाठी मागे प्रयोगशाळा लागतेच. पट्टी वाचणाऱ्या हाताची अधूनमधून परीक्षा घेणारे कोणी नसेल, तर चुकीचे निकालही बिनबोभाट लागत राहतात. आणि निदान झाल्यावर औषधच नसेल, तर सारेच व्यर्थ. २०१४ ते २०१६ या काळात, माहिती देणाऱ्या ९५ देशांपैकी ३९ देशांनी दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या पेनिसिलिनचा तुटवडा असल्याचे कळविले. हे औषध इतके स्वस्त झाले आहे की ते बनविण्यात कारखानदारांना स्वारस्य उरलेले नाही! गरिबाच्या औषधाला त्याचा स्वस्तपणाच कसा मारक ठरतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

शेजाऱ्याने करून दाखविले

हे सर्व गरीब देशांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा आक्षेप आता टिकत नाही. आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही व उपदंश यांचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन केल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रथम क्युबाला दिले. २०१६ साली थायलंडला आणि २०१९ साली श्रीलंकेला. ते मिळविण्यासाठी, किमान ९५ टक्के गरोदर स्त्रिया दवाखान्यापर्यंत पोचाव्यात, त्यांतील ९५ टक्क्यांची उपदंशाची चाचणी व्हावी आणि रोग आढळलेल्यांपैकी ९५ टक्क्यांवर उपचार व्हावेत, अशा कडक अटी आहेत. यांपैकी कोणताही देश सधनांच्या पंक्तीत बसणारा नाही. श्रीलंकेने काही अद्भुत केले नाही. गावोगावची सार्वजनिक आरोग्य सुईण, सरकारी प्रयोगशाळांचे जाळे आणि प्रत्येक गरोदर स्त्रीची मोफत रक्तचाचणी, ही जुनीच साधने तिने वर्षानुवर्षे न कंटाळता वापरली.

भारतात गरोदर स्त्रीच्या तपासण्यांच्या यादीत उपदंशाची चाचणी आज नव्हे, फार पूर्वीपासून आहे. २०२१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यात, आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही व उपदंश नाहीसा करण्याचे उद्दिष्टही घोषित झाले. परंतु यादीत नाव असणे आणि चाचणी होणे यांत अंतर असते. एचआयव्हीच्या मागे जागतिक निधी उभा राहिला, स्वतंत्र समुपदेशक आले, स्वतंत्र नोंदवह्या आल्या. उपदंशाच्या वाट्याला त्या मानाने उपेक्षाच आली. एकाच बाईच्या, एकाच बोटातून काढलेल्या रक्ताला एका रोगाविषयी विचारायचे आणि दुसऱ्याविषयी विचारायचे नाही, याला व्यवहार म्हणत नाहीत.

साधनांची वाण आहे, ही सबबही कोविडच्या साथीनंतर सांगता येणार नाही. २०२० सालच्या जानेवारीत त्या विषाणूची चाचणी देशात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतच काय ती होत होती. दोन वर्षांच्या आत तीन हजारांहून अधिक प्रयोगशाळांना तिची मान्यता मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रे आली, तरुण तंत्रज्ञ तयार झाले. क्षयाच्या निदानासाठी सीबीनॅट यंत्रे त्याआधीच बसविलेली होती. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रुनॅट यंत्राला २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. सीबीनॅटच्या यंत्रावर, केवळ कुपी बदलून, परमा व क्लॅमिडियाचेही निदान होऊ शकते. ती कुपी आज महाग आहे, हे खरे. पण एकेका जिल्ह्याने चार नग मागविण्याऐवजी साऱ्या देशाने एकत्र मागणी नोंदविली तर किंमत खाली येते, हे क्षयाच्या व एचआयव्हीच्या बाबतीत अनुभवास आलेलेच आहे. २०२१ सालच्या आपल्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेनेही, शक्य तेथे त्याच दिवशी निकाल देणाऱ्या चाचणीवरून उपचार करावेत आणि ते शक्य नसेल तेथेच लक्षणांचा आधार घ्यावा, असा क्रम लावला आहे. जी पद्धती तात्पुरती सोय म्हणून स्वीकारली, तिला कायमचे धोरण समजण्याचे कारण उरलेले नाही.

तेव्हा करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. गरोदर स्त्रीची पहिली नोंद जेथे होते, त्या उपकेंद्रातच जोडपट्टी आणि पेनिसिलिन ही दोन्ही नेहमी शिल्लक असली पाहिजेत. एक आहे आणि दुसरे नाही, अशी स्थिती येता कामा नये. व्रण वा पू घेऊन आलेल्या रोग्याला लक्षणांवरून तत्काळ औषध देणे चालू ठेवावे. मात्र अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर पाकीट देण्यापूर्वी निदान साधी सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी व्हावी. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागाने परम्याच्या जंतूची वाढ करण्याचे कसब पुन्हा हस्तगत करावे आणि त्याच्या नोंदी एकत्र कराव्यात. आणि आरोग्याच्या अंदाजपत्रकात निदान ही बाब औषधांच्या शेपटाला न बांधता तिला स्वतःची ओळ द्यावी. ज्या खर्चाला ओळ नसते, त्याचा कैवारीही नसतो.

या रोगांना आपण 'गुप्तरोग' म्हणतो. हे नाव रोगापेक्षा आपल्या वृत्तीवर अधिक प्रकाश टाकते. रोग गुप्त राहतो, रोगी तोंड लपवतो आणि शासनाचा खर्चही वहीत न दिसता गुप्तच राहतो. या तिन्ही गुप्ततांचा भेद करण्याचे सामर्थ्य रक्ताच्या एका थेंबात आहे. तो थेंब तपासण्यासाठी लागणारे पैसे नाहीत, असे ज्यांना वाटते, त्यांनी म्वान्झाचा हिशेब पुन्हा एकदा वाचावा. दीड डॉलर वाचविण्यासाठी मोजलेली किंमत तेथे बाळांच्या संख्येत लिहिलेली आहे.